विचारार्थ

पार्वती : चहाचं मागून बघू. तू आधी होय नायतर नाय बोल. सोमवारी कोर्टात येतोस काय?

रामनाथ : बाय, वेसाव्याहून घाटकोपरला येईपर्यंत तुझा जीव अर्धा झाला असेल. आधी बस तरी.

पार्वती : बसली. बोल.

रामनाथ : हे तू समजतेस तेवढं सोपं नाही गं.

पार्वती : सोपंच हाय. वकील म्हनला, तुझ्या भावाला एकच वाक्य बोलायचं हाय. ‘या सात जनांना कागद मी वाचून दाखवला, पन त्याचा अर्थ मनाच नीट समजला नव्हता.’ बस. तेवढ्यावर तो भांडंल. नायतर खलं गेलं म्हनून समज.

पद्मजा : कुठला कागद, ताई? मला तर हा एवढंच म्हणाला, की गावात जागेवरून काहीतरी भांडण चाललंय.

पार्वती : भांडन? रामनाथ, बायकोला पन सांगितलं नायस?

रामनाथ : ती दिवसभर ऑफिसात असते. दमून येते. कशाला तिला…

पद्मजा : मी दमलेय की नाही ते मी बघीन. ताई, तुम्ही सांगा.

पार्वती : आमचं खलं तू बघितलंस ना गं? लग्नानंतर आली होतीस तवा?

पद्मजा : खळं ना? देवळामागचं? बोंबील वाळत घातले होते ते. हा नाकाला रुमाल लावून उभा होता आणि मी हसत होते.

पार्वती : तेच. कोलीवाड्यात सुकवायला दुसरी जागा नाय. पावसाचे चार महिने होड्या किनाऱ्यावर. तवा आमी जगतो कशावर? त्या सुक्यावर. खलं सात जनांच्या नावावर हाय. बाबाच्या माघारी आपल्या घरचं नाव आईचं. मागच्या साली एक सेठ आला. देवलाचं छप्पर गललेलं बघितलं आनि नवीन कौलं घालून दिली. गाव खूश. संक्रांतीला त्याचा मानूस कागद घेऊन आला. म्हनला, सेठला खल्यापाशी काय तरी बांधायचा विचार हाय, तुमची नुसती संमती पायजे. कागद इंग्रजीत.

पद्मजा : आणि तुम्ही अंगठे दिलेत?

पार्वती : कशाला देऊ? आमी काय खुल्या हाय? आमी म्हनलो, आमचा रामनाथ येऊ दे. इंग्रजीचा एम.ए. हाय. तो वाचंल, तो सांगंल, मंग बघू. तोवर अंगठा नाय. तो मानूस म्हनला पन, एवढं कशाला, मी सांगतो ना. सातांतला गुनाजी म्हनला, तुझं तुझ्यापाशी ठेव. आमी इंग्रजी घरचं केलंय.

रामनाथ : बाय, पुरे.

पार्वती : पुरे कसं? ऐकू दे तिला. रविवारी हा आला. देवलाच्या ओट्यावर सगला गाव बसला, पोथी ऐकायला बसावा तसा. यानं आधी इंग्रजीत वाचला, अख्खा, न अडखलता. आईच्या डोल्यातनं पानी. तिला एक अक्षर समजत नव्हतं, तरी रडत होती. मंग यानं मराठीत सांगितलं. सांग तिला काय सांगितलंस ते.

रामनाथ : तूच सांगतेयस ना.

पार्वती : म्हनला, ‘सेठनं कौलं दिली, त्याबद्दल आपन त्याला या जागेचं विचारासाठी कलवतो हाय. त्यानं विचार करायचा, मंग बोलनी.’ गुनाजीनं दोनदा विचारलं, नुसतं विचारासाठी ना? हा म्हनला, होय काका, शब्दच तो हाय. मंग पहिला अंगठा आईनं दिला.

पद्मजा : विचारासाठी? मूळ शब्द काय होता?

रामनाथ : आता काय करायचंय ते?

पद्मजा : शब्द काय होता, रामनाथ?

रामनाथ : ‘वी हियरबाय कन्व्हे द सेड ग्राउंड फॉर कन्सिडरेशन.’

पद्मजा : आणि तू कन्व्हेचं केलंस ‘कळवतो’. आणि कन्सिडरेशनचं ‘विचार’.

रामनाथ : शब्दकोशात पहिला अर्थ तोच आहे.

पद्मजा : अरे, करारात कन्व्हे म्हणजे जागा दुसऱ्याच्या नावावर करून देणं. आणि कन्सिडरेशन म्हणजे मोबदला! कौलांच्या बदल्यात सगळं खळं देऊन टाकलं, असं लिहिलं होतं त्यात.

रामनाथ : ठाऊक आहे मला आता.

पार्वती : आता तर सगल्यांनाच ठाऊक हाय. काटेरी तार घातली परवा. मी बोंबील घेऊन गेली, तर पहारेकरी म्हनतो, बाई, ही प्रायव्हेट जागा हाय. हा शब्द मना कोनी समजवून द्यावा नाय लागला.

पद्मजा : मग सोमवारी जायलाच हवं. यात विचारायचं काय आहे?

रामनाथ : तुझं बरं आहे. कोर्टात उभं राहून मी काय सांगू? मी इंग्रजीचा प्राध्यापक आहे, आणि मला एका पानाचं इंग्रजी समजलं नाही? जूनमध्ये मला कायम करायचं की नाही ते ठरतंय. प्रिन्सिपॉलच्या कानावर गेलं तर वाटच लागली. पोरं वर्गात बाकं वाजवतील. ‘सर, कन्सिडरेशनचा अर्थ सांगा.’

पद्मजा : वाजवू देत.

रामनाथ : असं म्हणायला काय जातं?

पार्वती : मना एक सांग. खरंच सांग, मी रागानं विचारत नाय. तू सहा वर्षं शिकलास काय तिथं?

रामनाथ : म्हणजे?

पार्वती : म्हंजे युनिव्हर्सिटीत. आमी समजत होतो, इंग्रजी शिकतो म्हंजे सरकारचे कागद, कोर्टाचे कागद, बोटीच्या लायसनचे कागद, सगलं शिकतो. तुझ्या शेवटच्या परीक्षेच्या वेली गुनाजीच्या पोरीची हलद होती. गावानं बेंजो वाजवला नाय. कोलीवाड्यात बिनबेंजोची हलद! नवऱ्याकडचे विचारत होते, घरात कोन मेलंय काय. गुनाजी म्हनला, मेलं नाय, आमचा पोरगा पेपर देतो हाय. काय होतं त्या पेपरात?

रामनाथ : काय सांगू तुला? नाटकं होती. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची. राजे एकमेकांना मारतात, मरता मरता पानभर बोलतात. कविता होत्या, आपल्याकडे उगवत नाहीत अशा फुलांवर. भाषेचा इतिहास होता. जुनी इंग्रजी होती, जी आता तिकडे इंग्लंडातही कुणी बोलत नाही. त्या कवितेबद्दल तिसऱ्याच कुणी काय म्हटलंय, त्याचा एक वेगळा पेपर. करारनामा, खरेदीखत, नोटीस, यातलं एक पानसुद्धा कुणी दाखवलं नाही. मी मागितलंही नाही. मला आवडत होतं ते सगळं, बाय. खरंच आवडत होतं. मला वाटलं, हे एवढं अवघड येतं, म्हणजे बाकीचं आपोआप येईल.

पार्वती : मंग त्या दिवशी ‘मना येत नाय’ एवढं का नाय बोललास?

रामनाथ : अख्खा गाव बसला होता. मधोमध आई.

पार्वती : म्हनून तर बोलायचं.

रामनाथ : आम्हांला तसं शिकवलंच नाही! परीक्षेत कधी न पाहिलेली कविता यायची. निम्मे शब्द अडायचे. सर सांगायचे, शब्द अडला तर थांबू नका, पुढंमागं बघा, अंदाज बांधा आणि ठासून लिहा. अर्थ नीट लागला नाही तरी पाच पानं लिहायची. त्यालाच मार्क होते. ‘मला समजलं नाही’ असं लिहिणाऱ्याला शून्य. मी वर्गात दुसरा आलो तो तसाच.

पार्वती : म्हंजे आमचं खलं पन तू कवितेसारखं वाचलंस.

रामनाथ : हो. तसंच म्हण.

पद्मजा : रामनाथ, मीही होते त्याच वर्गात. पार्ट वनला सोडलं खरं, पण होते. सगळा दोष सरांच्या माथी मारू नकोस.

रामनाथ : तू सोडून विम्याच्या कंपनीत टायपिस्ट झालीस. तुला काय सिद्ध करायचंय? माझ्याकडे सगळे बघतात. गावात गेलो की कुणी तार घेऊन येतं, कुणी औषधाच्या बाटलीवरचं वाच म्हणतं, कुणी दुबईचा अर्ज भरून दे म्हणतं. आणि कॉलेजात मी कोण? कॉमर्सच्या शंभर पोरांपुढे उताऱ्याचा सारांश एक तृतीयांशात कसा करायचा ते सांगणारा. माझ्याबरोबरचे दोघं बँकेत काउंटरवर बसतात. एक प्रूफं तपासतो. हेच सगळं मिळतं त्यातून. त्यातली ही एक खुर्ची मला मिळाली, तीही अजून कच्ची. ती पण मीच मोडू?

पार्वती : बरं. नको मोडूस.

रामनाथ : बाय, तसं नाही…

पार्वती : नको येऊस म्हनते ना. नोकरी तुझी, तू बघ. एवढं तरी करशील? हा कागद बघ. समोरच्यांनी कोर्टात भरलाय. आमच्या वकिलानं त्याची नक्कल दिली. इंग्रजीत हाय. काय लिवलंय ते सांग.

रामनाथ : ठेव इथे. संध्याकाळी शांतपणे वाचतो.

पार्वती : मना परत जायचंय. आताच वाच.

(रामनाथ घडी उघडतो. पहिलं पान वाचतो, दुसरं उलटतो आणि पुन्हा पहिल्यावर येतो.)

पार्वती : काय हाय?

रामनाथ : हे… हे तारखेबद्दल आहे. त्यांच्या वकिलाला वेळ हवा आहे. पुढची तारीख मागितलीय.

पार्वती : एवढंच? दोन पानं हायत.

रामनाथ : कोर्टाची भाषा अशीच असते. एका गोष्टीला दहा वेळा म्हणतात.

पार्वती : खाली सही हाय ना कोनाची तरी?

रामनाथ : वकिलाचीच.

पद्मजा : बघू जरा.

रामनाथ : तुझा स्टोव्ह चालू आहे आत.

पद्मजा : कधीच बंद केलाय. दे इकडे.

पार्वती : राहू दे, पद्मजा. तू वाचायची गरज नाय. रतननं काल वाचला.

पद्मजा : रतननं? इंग्रजी कोर्टाचा कागद?

पार्वती : नववीत हाय ती. मामानंच दिलेली डिक्शनरी घेऊन बसली. दोन घंटे लागले पोरीला. एक एक शब्द शोधत होती. चार शब्द नाय लागले. मना म्हनली, आई, हे मना येत नायत, उगाच काय तरी सांगत नाय, थांब. कागद घेऊन शालेतल्या बाईंकडे गेली, विचारून आली. मंग वाचला.

रामनाथ : बाय…

पार्वती : सांगू काय लिवलंय? ‘मी रामनाथ हरेश्वर, एम.ए., इंग्रजीचा प्राध्यापक, शपथेवर सांगतो, की हा कागद मी सातही जनांना मराठीत बरोबर समजवून दिला. जागा कायमची जाते हाय, हे त्यांना पुरतं समजलं होतं. त्यांनी राजीखुशीनं अंगठे दिले.’ खाली सही. एम.ए. सकट.

पद्मजा : हे खरं आहे? रामनाथ? तू त्यांच्या बाजूनं लिहून दिलंस?

रामनाथ : त्यांचा वकील कॉलेजात आला होता. सगळ्या स्टाफरूमसमोर. फार गोड बोलत होता. म्हणाला, ‘सर, गावातले लोक म्हणतात तुम्हांला इंग्रजी समजलं नाही. आम्हांला काही पटत नाही. तुम्ही तर बरोबरच समजावलं असणार. हो ना?’ सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो. एवढंच म्हटलं मी. मग त्यानं कागद पुढे केला.

पार्वती : एवढंच म्हनलं. आनि माझी आई कोर्टात खोटारडी. सात म्हातारी मानसं, जागा विकून वर सेठच्या नावानं बोंबलनारी.

रामनाथ : माझ्या हातून चूक झाली. पण मुद्दाम नव्हती गं. अर्थ चुकीचा लागला, कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. कागद रजिस्टर होऊन गेला होता. मग काही बोलून काय उपयोग?

पद्मजा : थांब. कधी कळलं तुला?

रामनाथ : आता ते नेमकं कसं सांगू? उन्हाळ्यात कधीतरी.

पद्मजा : उन्हाळ्यात नाही. मी तीळ भाजत होते. तू मागे येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, ‘तुमच्या पॉलिसीत कन्सिडरेशन लिहितात, त्याचा अर्थ काय गं?’ मी म्हटलं, मोबदला, रोज पन्नास वेळा टाइप करते. तुझा चेहरा पडला. मी विचारलं, काय झालं? म्हणालास, काही नाही, वर्गात एका पोरानं विचारलं होतं.

रामनाथ : पद्मजा, प्लीज.

पद्मजा : तो संक्रांतीचाच आठवडा होता. ताई, कागद कचेरीत कधी गेला?

पार्वती : शिमग्यानंतर.

पद्मजा : शिमग्यानंतर.

पार्वती : म्हंजे दोन महिने. दोन महिने तुना ठाऊक होतं.

रामनाथ : मी निघालो होतो सांगायला. तीन वेळा निघालो. एकदा वेसाव्याच्या बसच्या रांगेत उभा राहिलो. नंबर आला, आणि परत फिरलो.

पार्वती : शिमग्याला घरी आला होतास तू. आईनं पुरनपोली वाढली. माझ्या शेजारी बसून जेवलास.

रामनाथ : तेव्हाच सांगणार होतो. काय शब्दांत सांगावं ते सुचेना.

पार्वती : ‘चुकलो’ म्हनायचं. मराठीत शब्द हाय तो. आनि त्यानंतर आठ दिवसांनी मी आईला कचेरीत घेऊन गेली. तिथला साहेब भला मानूस होता रे. त्यानं चष्मा काढला आनि आईला विचारलं, ‘आजी, कागदात काय हाय ठाऊक हाय ना? कोनी वाचून दाखवला?’ आई कशी हसली! म्हनली, ‘साहेब, माझ्या लेकानं वाचलाय. एम.ए. हाय तो.’ साहेबानं शिक्का मारला. तुझ्या नावावर मारला तो शिक्का. नायतर त्यानं वाचून दाखवला असता.

पद्मजा : ताई, मी त्या दिवशी पुढं विचारायला हवं होतं.

पार्वती : तुझं काय त्यात? मी तुना काय सांगू, पद्मजा… सेठनं फसवलं, त्याचं मना काय वाटत नाय. तो परका मानूस, फसवायलाच आला होता. आमी त्याला ओलखून होतो. म्हनून तर याला मधे उभा केला.

रामनाथ : मी येतो सोमवारी. बाय, ऐक. मी येतो. तो कागद खोटा आहे असं सांगतो. नोकरी गेली तर गेली.

पार्वती : हे मी आली तवा बोलला असतास, तर तुझे पाय धरले असते.

रामनाथ : अजून वेळ गेलेली नाही ना? वकील काय म्हणाला?

पार्वती : वकील म्हनला, मोडता येतं, पन आता कठीन हाय. एकदा शपथेवर लिवलंय. जज्ज विचारंल, तवा खोटं बोलत होतास का आता बोलतोस? मी म्हनली, बघते, भावाच्या तोंडून काय निघतं. वाटेत ठरवलं होतं, रागवायचं नाय, सहीचं आपनहून बोलायचं नाय. नुसता कागद पुढं ठेवायचा. यानं सरल वाचला, ‘बाय, हे मीच लिवलंय’ म्हनला, तर सगलं माफ. तू तारीख सांगितलीस मना.

रामनाथ : मी घाबरलो गं.

पार्वती : मना मूर्ख समजलास. ओट्यावर वाचलास तवा तुना येत नव्हतं. आज येत होतं.

पद्मजा : सोमवारी मी येते, ताई. मला बोलू देतील की नाही ठाऊक नाही, पण त्यानं मला संक्रांतीत विचारलं, ते मी सांगीन.

रामनाथ : पद्मजा!

पद्मजा : तूही ये. दोघं जाऊ. नाहीतर मी एकटी जाईन.

पार्वती : यायचं त्यानं यावं. पन रामनाथ, आलास तर आईच्या बाकावर बसू नको. लांब बस.

रामनाथ : आईला कळलंय?

पार्वती : अजून नाय. ती देवलात सांगत फिरते, सोमवारी माझा लेक येईल, फाडफाड इंग्रजी बोलंल आनि खलं सोडवून आनंल. मना आनि रतनला तेवढं ठाऊक हाय.

रामनाथ : रतन काय म्हणाली?

पार्वती : वाचताना कायच नाय. शेवटी सही आली. बोट ठेवून वाचली, एक एक अक्षर. मंग डिक्शनरी मिटली.

रामनाथ : पण काहीतरी म्हणाली असेल ना?

पार्वती : म्हनली, ‘आई, मामाच्या नावाचा दुसरा कोन तरी एम.ए. असंल ना गं?’

रामनाथ : तू काय सांगितलंस?

पार्वती : असंल, म्हनलं.